विहीर नाल्याच्या अलीकडं, रस्ता पलीकडं : हातातल्या जीपीएसच्या रूटिंगचं एक प्रकरण

ऑक्टोबर 2022, दिवाळीच्या आधीचा आठवडा. परतीच्या पावसानं नुकतीच उघडीप दिली होती, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या सगळ्या पट्ट्यात सोयाबीन काढायची नुसती घाई चाललेली, आणि आम्हाला चार दिवसांत 38 विहिरींची पाणीपातळी मोजून तक्ता पाठवायचा होता. आधीच्या फेऱ्या आमचे जुने सर करायचे, त्यांना प्रत्येक विहीर तोंडपाठ, कुणाच्या रानात आहे, कोणत्या लिंबाखाली आहे, कुत्रं बांधलेलं असतं का सुटं असतं इथपर्यंत. सर रिटायर झाले आणि जाताना एक रजिस्टर देऊन गेले, त्यात प्रत्येक विहिरीपुढं गाव, शेतकऱ्याचं नाव आणि अक्षांश रेखांश लिहिलेले. म्हणलं काय अवघड आहे, आपल्याकडं दोन हातातली जीपीएस युनिट आहेत, आकडे टाकायचे, रस्ता विचारायचा, जायचं.

आधी एक सांगतो, कारण हा प्रश्न मला दहा जणांनी विचारलाय, की मोबाईल असताना हे कशाला. मे महिन्यात आमच्याकडं उन्हात मोबाईल मोटरसायकलच्या दांडीला लावला की अर्ध्या तासात गरम होऊन बंद पडतो, ऐन उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, तेरणेच्या काठाला खोलगट भागात रेंज जाते, आणि ओल्या चिखलाच्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही. युनिटला बटणं आहेत, स्क्रीन उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते, आणि दोन पेन्सिल सेल तर कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. त्यामुळं आमच्या कामाला ते बरोबरच आहे, माझं अजूनही हेच मत आहे. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण जे झालं ते बहुतेक सगळ्याच असल्या युनिटवर असंच झालं असतं.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावरून बनवलेला, मेमरी कार्डावर टाकलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा नकाशा 2004 पासून लोकांनी मिळून फुकट बनवलेला आहे, कुणीही त्यात रस्ता काढू शकतो, दुरुस्त करू शकतो. त्या डेटाची युनिटला समजेल अशी फाईल करावी लागते, त्यासाठी एमकेजीमॅप नावाचा, जावा या कॉम्प्युटरच्या भाषेवर चालणारा फुकट प्रोग्रॅम आहे. यात एक गोष्ट आम्हाला तेव्हा कळलेली नव्हती. नकाशात दोन थर असतात, एक डोळ्याला दिसणारी रेघ आणि दुसरा आतला जोड, म्हणजे कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला कुठं मिळतो याची माहिती. फाईल बनवताना रूटिंगचा, म्हणजे युनिटनं स्वतः रस्ता काढून देण्याचा, पर्याय चालू केला नाही तर रेघ दिसते, रस्ता मात्र निघत नाही. आणि डेटामध्ये दोन रेघा टेकलेल्या दिसत असल्या पण त्यांचा बिंदू एक नसेल तर युनिटच्या लेखी तिथं रस्ता तुटलेला आहे. हे पुढं आडवं येणार होतं.

आता प्रकरण 17 नंबरच्या विहिरीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लारी पाटीवर, म्हणजे फाट्यावर, चहा घेतला, 17 नंबर लावला, युनिटनं रस्ता काढला, साडेसहा किलोमीटर, 14 मिनिटं. सोबत आमच्यातला नवीन पोरगा होता, दोन गाड्या. पहिले चार किलोमीटर डांबरी, मग मुरमाचा, मग युनिट म्हणतंय डावीकडं वळा आणि डावीकडं बघितलं तर पांदण. काळ्या रानातली पांदण म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, वरून वाळल्यासारखी दिसते आणि चाक घातलं की खाली लोणी. शंभर मीटर गेलो नसेल तोवर मडगार्ड आणि टायरच्या मधी चिखल गच्च बसला आणि पुढचं चाक फिरायचंच बंद झालं. उतरलो, बांधावरची एक जुनी तुराटी मोडून घेतली, चिखल उकरून काढला, परत पन्नास मीटर, परत तेच. असं तीनदा. पोरगा म्हणला, "सर, गाड्या इथंच ठेवू, चालत जाऊ." ठेवल्या. चालत गेलो तर युनिटनं पोचल्याचा बीप दिला, चेकर्ड झेंडा दाखवला, आणि आम्ही उभे सोयाबीनच्या कापलेल्या रानात. विहीर नाही, आड नाही, बोअरसुद्धा नाही.

एक आजोबा ताडपत्रीवर सोयाबीनचा ढीग झाकायलेले होते. त्यांनी आधी बघितलं, मग विचारलं, "कुठं चाललाव बाबा तुम्ही? पीकविम्याचे हाव का?" म्हणलं नाही आजोबा, विहीर बघायलो, पाणी मोजायला. शेतकऱ्याचं नाव सांगितलं तर हात वर करून समोर दाखवलं, "त्याची व्हय, ती काय दिसायलीय की लिंबाखाली. पण ती नाल्याच्या तिकडं हाय, इकडनं कसं जाताव? नाल्याला छातीएवढं पाणी हाय अजून."

दिसत होती. खरंच दिसत होती, दगडी कठडा, वरचं लिंबाचं झाड, मोटरीची पेटी. मधी फक्त नाला. तिथनं परत फिरून, गाड्या पांदणीतून मागं ढकलत काढून, पाटीच्या बाजूनं वळसा घालून नाल्याच्या उत्तरेकडून विहिरीपाशी पोचायला आम्हाला पावणेदोन तास लागले. आणि येताना युनिट प्रत्येक वळणाला आपलं रीकॅल्क्युलेट करून आम्हाला परत त्याच पांदणीत घालायला बघत होतं. त्या दिवशी 12 ऐवजी 5 विहिरी झाल्या.

पोरगा वैतागला होता, त्याचं म्हणणं सरळ होतं की मशीन खराब आहे, सॅटेलाईट पकडत नाही. मला ते पटेना, कारण झेंडा ज्या जागी दाखवला तिथं युनिटची अचूकता 4 मीटर दाखवत होती, वर आभाळ मोकळं, आजूबाजूला ना डोंगर ना इमारत. मग मशीन जिथं म्हणतंय तिथंच आम्ही उभे होतो. चूक असेल तर ती "कुठं जायचं" यात असेल, "कुठं आहोत" यात नाही. हा फरक मला त्या नाल्याच्या काठावर पहिल्यांदा नीट कळला आणि पुढचं सगळं त्याच्यामुळंच सुटलं.

विहिरीच्या कठड्यावर उभं राहून मी नवीन पॉइंट घेतला, म्हणजे त्या जागेचे अक्षांश रेखांश युनिटमध्ये साठवले. संध्याकाळी उमरग्याच्या लॉजवर दोन्ही पॉइंट शेजारी ठेवले. कठड्यावर घेतलेला अक्षांश 18 अंश 03.498 मिनिटं. आम्ही टाकलेला 18 अंश 03.300 मिनिटं. फरक जवळपास 0.2 मिनिटाचा, एक मिनिट म्हणजे साधारण 1845 मीटर, म्हणजे 370 मीटरच्या आसपास. मग सरांचं रजिस्टर उघडलं. त्यात शाईच्या पेननं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, 18 अंश, 03 मिनिटं, 30 सेकंद.

बघत बसलो. 30 सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, म्हणजे 03.500. आणि आम्ही ते 30 सरळ दशांश चिन्हाच्या पुढं टाकलं होतं, 03.300. युनिटचा आधीपासूनचा फॉरमॅट अंश आणि दशांश मिनिटांचा असतो, रजिस्टर अंश मिनिट सेकंदातलं, आणि टाकणाऱ्यानं (तो मीच) फॉरमॅट न बदलता आकडे जसेच्या तसे भरले. म्हणजे सरांचं बरोबर, मशीनचं बरोबर, मधल्या भरण्यात चूक.

ही चूक वाईट का आहे ते सांगतो, कारण ती एकदम ओरडून सांगत नाही. अंशात चूक झाली तर पॉइंट दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि लगेच कळतं. इथं सेकंद कमी असतील तर सरकणंही कमी. 5 सेकंद असतील तर 60 मीटर, तेवढ्यात विहीर डोळ्याला दिसतेच आणि तुम्ही म्हणता जीपीएस आहे, थोडं इकडंतिकडं व्हायचंच. 30 ला 370 मीटर. 55 सेकंदाला जवळपास 680 मीटर. रेखांशालाही तेच, फक्त आपल्या अक्षांशावर मीटर थोडे कमी भरतात. 17 नंबरच्या रेखांशाचे सेकंद फक्त 4 होते म्हणून ती बाजूला सरकली नाही, सरळ दक्षिणेला गेली, नाल्याच्या पलीकडं. पहिल्या दिवशीच्या सगळ्या विहिरी सापडल्या त्या याच कारणानं, सेकंद कमी होते आणि रान मोकळं होतं, आणि तिथंच आम्हाला वाटलं की सगळं बरोबर चाललंय.

रात्री साडेअकरापर्यंत बसून रजिस्टरमधले जेवढे आकडे वाचता आले तेवढे सगळे पॉइंट दुरुस्त केले. आता मला वाटलं प्रकरण संपलं. सहज म्हणून पाटीपासून 17 नंबरला परत रस्ता काढून बघितला, म्हणलं आता उत्तरेकडून नेईल.

परत त्याच पांदणीत घातलं.

इथं मी खरंच हबकलो. पॉइंट तर आता कठड्यावरचा आहे, चार मीटरच्या आत बरोबर आहे, मग पलीकडून का नेतंय? झूम करून बघत बसलो तेव्हा कळलं. विहीर रस्त्यावर नसते, रानात असते. युनिटला रस्त्यावरूनच न्यायचं असतं, त्यामुळं ते आधी तुमच्या पॉइंटपासून सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं, आणि जवळचा म्हणजे सरळ रेषेत जवळचा. उत्तरेकडची वाट विहिरीपासून अडीचशे मीटर, दक्षिणेची पांदण एकशेऐंशी. मधी नाला आहे, त्याला छातीएवढं पाणी आहे, हे त्याच्या हिशोबात येतच नाही, कारण शेवटचा तो तुकडा त्याच्यासाठी रस्ताच नाही, नुसती सरळ रेघ आहे. ते पांदणीवर सगळ्यात जवळच्या जागी नेतं आणि म्हणतं पोचलात.

शहरात हे कधी कुणाला कळणार नाही. शहरात घर आणि रस्ता यांच्यात वीस मीटर असतात. आमच्या शिवारात विहीर, आखाडा, गोठा सगळं डांबरीपासून दोनतीनशे मीटर आत, आणि त्या दोनशे मीटरमध्येच ओढा, कॅनॉल, ऊस, कुणाचा बंद केलेला बांध, सगळं असतं. म्हणजे रूटिंगचं सॉफ्टवेअर ज्या शेवटच्या तुकड्याला सोडून देतं तोच आमच्या कामाचा खरा तुकडा.

तिथनं पुढं आम्ही जे केलं ते मला वाटतं या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. एका विहिरीला एक पॉइंट ठेवायचा नाही, दोन ठेवायचे. एक जिथं गाडी लावायची, जिथनं पायवाट फुटते ती जागा, तिला 17 आर म्हणलं, आर म्हणजे रस्ता. दुसरा विहिरीच्या कठड्याचा, 17 व्ही. रूटिंग फक्त आर पर्यंत. आर ला पोचलं की रूटिंग बंद, युनिटला सरळ रेषेच्या मोडवर टाकायचं आणि बाण बघत चालत व्ही कडं जायचं. आर पॉइंट अंदाजानं कॉम्प्युटरवर टाकायचा नाही, प्रत्यक्ष तिथं उभं राहून, शक्यतो त्याच शेतकऱ्याला विचारून घ्यायचा, कारण पावसाळ्यात कुठनं जाता येतं आणि उन्हाळ्यात कुठनं, हे त्यालाच माहीत.

बाकीच्या गोष्टी यामानानं लहान, पण त्याही आडव्या आल्या होत्या. आम्ही पेट्रोल वाचवायला कमी अंतराचा पर्याय निवडला होता, त्यामुळं अर्धा किलोमीटर वाचवायला ते कुठल्याही पांदणीत शिरायचं. कमी वेळाचा पर्याय लावल्यावर बराच फरक पडला. कच्चे रस्ते टाळा हा पर्याय लावून बघितला, त्याचा आपल्याकडं अर्धाच उपयोग, कारण नकाशात ज्या वाटेवर कच्ची म्हणून नोंद आहे तीच टाळली जाते, नोंद नसेल तर युनिट तिला चांगला रस्ता समजतं. वाहन काय निवडलंय तेही बघून घ्या. जालन्याकडं काम करणाऱ्यांना हे जास्त लागेल, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झालाय आणि त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे, युनिटवर कार निवडलेली असली तर ते खुशाल तिकडं वळवणार.

22 नंबरला वेगळंच झालं. तिथं आकडे पुसट होते म्हणून आम्ही गावाच्या नावानं शोधलं. युनिटनं एका जागी नेलं तिथं बाभळी, पडक्या दगडी भिंतींचे अवशेष, एक देऊळ, आणि माणूस नाही. हे जुनं गावठाण. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक दमून झोपलेले होते, आणि या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. नावं तीच राहिली. त्यामुळं आमच्या भागात एका नावाच्या दोन जागा आहेत, आणि नकाशात नाव जुन्या जागेवर आहे की नव्या, हे गावागणिक वेगळं. शेती मात्र जुन्या गावाच्या आसपासच राहिली, म्हणून काही विहिरी जुन्याच्या जवळ आणि त्यांचे मालक नव्या गावात राहायला. मी तिथं थोडा वेळ थांबलो. पोरगा 1999 चा, त्याला घरी ऐकून माहीत होतं, असं प्रत्यक्ष त्यानं पहिल्यांदाच बघितलं. आता आम्ही अशा प्रत्येक गावाचे दोन पॉइंट वेगळ्या नावांनी ठेवलेत आणि नकाशातही जुनं गावठाण वेगळं नोंदवायला सुरुवात केलीय.

नावाचा आणखी एक त्रास म्हणजे स्पेलिंग. आमच्या युनिटवर देवनागरी दिसत नाही, नावं रोमन अक्षरात येतात, आणि उमरगा यू नं शोधलं तर मिळत नाही, ओ नं सुरू होणारं जुनं स्पेलिंग टाकावं लागतं. हायवेचे नंबरही तसेच. सोलापूर उमरगा हैदराबाद हा रस्ता आमच्या वडिलांच्या पिढीला 9 नंबर म्हणूनच माहीत, 2010 मध्ये नंबर बदलले आणि तो 65 झाला, जुन्या नकाशात 9 आणि पाटीवर 65. माणूस गोंधळतो, पण याच्यानं रस्ता चुकत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र एका पुलानं घोळ घातला. समोर नळकांडी पूल, वरून ट्रॅक्टर जायलेत, आणि युनिट म्हणतंय 11 किलोमीटर वळसा घ्या. हाच तो तुटलेला जोड. पुलाची रेघ आणि रस्त्याची रेघ स्क्रीनवर टेकलेल्या दिसतात, आत जोडलेल्या नाहीत. हा नकाशा आपणच दुरुस्त करू शकतो, त्यामुळं रुसून उपयोग नाही. घरी आल्यावर मी खातं उघडून दोन्ही टोकं जोडली, पाच मिनिटांचं काम होतं, पुढच्या वेळी फाईल नवीन बनवली तेव्हा युनिट त्या पुलावरून सरळ गेलं.

आणि कॉम्प्युटरवर आखलेल्या रूटचं. आम्ही दिवाळीनंतर हौसेनं सगळ्या 38 चा क्रम लावून कॉम्प्युटरवर रूट आखला, युनिटमध्ये टाकला, आणि युनिटनं स्वतःच्या सेटिंगप्रमाणं तो परत काढला. आमचा आखलेला रस्ता गेला कुठं तेच कळेना. रूट आणि ट्रॅक यात हाच फरक आहे. रूट म्हणजे काही ठिकाणं, मधला रस्ता युनिट स्वतः ठरवतं. ट्रॅक म्हणजे पायाखालची रेघ, ती युनिट बदलत नाही. म्हणून आता जिथं वाट ठरलेली आहे तिथं रूटचा ट्रॅक करून टाकतो आणि स्क्रीनवरच्या रेघेवर चालतो. त्यात वळा, थांबा असं काही सांगत नाही, तरी आम्हाला ते जास्त भरवशाचं वाटतं.

जानेवारी 2023 ची फेरी आम्ही या पद्धतीनं केली. 38 पैकी 29 विहिरींना आर पॉइंट होता, त्या सगळ्या पहिल्याच फेरीत सापडल्या, एकदाही पांदणीत अडकलो नाही, अर्थात जमीन वाळलेली होती हेही खरं. काम तीन दिवसांत झालं. जे अजून जमलं नाही ते म्हणजे वेळेचा अंदाज. युनिट 14 मिनिटं म्हणतं तिथं ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागं 40 मिनिटं लागतात, ते मी आता बघतच नाही.

17 नंबरला या वेळी उत्तरेकडून गेलो. 17 आर म्हणजे मुरमाच्या वाटेवर एक छोटी मोरी आहे, तिथं गाड्या लावल्या, बांधावरून अडीचशे मीटर चालत गेलो, हरभरा गुडघ्याला लागत होता. पोरगा पुढं, हातात युनिट, बाण बघत. कठड्यावर पोचून टेपला खडू लावला, आत सोडला, वर काढला, खडू भिजलेली रेघ बघितली, आकडा लिहिला. नाल्याच्या पलीकडच्या रानात तेच आजोबा पाणी धरायलेले दिसले, त्यांनी हात वर केला आणि ओरडून विचारलं, "गावली का?" पोरगा म्हणला, "गावली आजोबा!"

पुढची फेरी मार्चची. त्याआधी निलंग्याकडच्या 9 विहिरींचे आर पॉइंट घ्यायचे राहिलेत, येत्या रविवारी निघायलो.